नववीच्या वर्गातच संपलेली शाळा

मुंबई, प्रतिनिधी - माध्यमिक शाळेचा विषय निघाला, की बहुतेकांच्या मनात प्रथम दहावीचेच वर्ष उभे राहते. सराव परीक्षा, निरोप समारंभ, प्रवेशपत्रावरचा बैठक क्रमांक, परीक्षा केंद्राबाहेर पाण्याची बाटली घेऊन ताटकळणारे पालक आणि शेवटचा पेपर संपल्यावर शाळेच्या फाटकाशी रेंगाळलेली दुपार. मात्र अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या शाळांमधून २०२१ मध्ये बाहेर पडलेल्या तुकडीकडे यांपैकी एकही आठवण नाही. राज्य शिक्षण मंडळाच्या शाळांतील ही मुले दहावी उत्तीर्ण झाली. पण दहावीच्या वर्गात त्यांचा नियमित तास कधी भरलाच नाही. त्यांची शाळा नववीच्या वर्गातच संपली आणि संपली तेव्हा ती संपली आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

ही मुले आता विशीत पोहोचली आहेत. त्यांच्यापैकी जी २०२३ मध्ये बारावी होऊन तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाला गेली, त्यांचे शेवटचे वर्ष २०२५-२६ हे होते. नोकरीच्या अर्जात दहावीचे गुण भरण्याची वेळ आली, की जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. 'परीक्षा न देता पास झालेली बॅच' हे बिरूद त्यांना चिकटले ते चिकटलेच. त्या बिरुदामागे नेमके काय घडले आणि राज्यातील इतर मुलांपेक्षा मुंबईच्या मुलांच्या वाट्याला अधिक काय आले, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या माध्यमिक शाळेची तीनही वर्षे क्रमाने पाहावी लागतात.

भरलेली दोन वर्षे

ही तुकडी जून २०१८ मध्ये आठवीत आली. त्याच वर्षी आठवी व दहावीची पाठ्यपुस्तके बदलली होती. शाळा सुरू होऊन काही आठवडे होतात न होतात तोच, ३ जुलै २०१८ रोजी सकाळी अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रेल्वेमार्गावर कोसळला आणि पश्चिम रेल्वे ठप्प झाली. पुढच्या वर्षी २ जुलै २०१९ ला अतिवृष्टीमुळे मुंबईत सुट्टी जाहीर झाली. त्याच रात्री मालाडच्या पिंपरीपाडा येथे भिंत कोसळून अनेकांचा बळी गेला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोरेगावच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून झाडे तोडली गेली, तेव्हा उपनगरांतील घराघरांत त्याची चर्चा होती. पश्चिम द्रुतगती महामार्गावर आणि लिंक रोडवर मेट्रोचे खांब उभे राहत होते. शाळेच्या वाटेवरची ही धूळ, वाहतूक कोंडी आणि पावसाच्या सुट्ट्या हा या मुलांच्या आठवणींचा एक भाग आहे.

दुसरा भाग अर्थातच शाळेच्या आतला. आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा, चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, नववीतील होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, सहल, क्रीडा महोत्सव, वार्षिक स्नेहसंमेलन हे सारे या तुकडीला मिळाले. मात्र मोठेपणाचे मान दहावीत मिळतात. पंधरा ऑगस्टच्या संचलनात पुढे राहणे, शिक्षकदिनी शिक्षक होऊन खालच्या वर्गांना शिकविणे, संमेलनाची सूत्रे हाती घेणे यांसाठी मुले आठवी-नववीत वाट पाहत असतात. ती वाट या तुकडीने पाहिली. पाळी मात्र आली नाही.

गुणांची धास्तीही त्यांनी लवकर अनुभवली. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला होता. जून २०१९ मध्ये तो एकदम ७७.१० टक्क्यांवर घसरला. भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेकडून दिले जाणारे अंतर्गत गुण त्या वर्षी बंद करण्यात आले होते. अकरावी प्रवेशात इतर मंडळांच्या मुलांपुढे राज्य मंडळाची मुले मागे पडतील, अशी ओरड मुंबईत सर्वाधिक झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये शासनाने अंतर्गत गुण पुन्हा सुरू केले. हा निर्णय ज्यांना प्रथम लागू झाला, त्यांत तेव्हा नववीत असलेली ही मुलेही होती. शाळेच्या हातातील गुणांचे मोल किती, हे त्यांच्या पालकांना तेव्हाच कळून चुकले. दोन वर्षांनी सगळेच गुण शाळेच्या हाती जाणार आहेत, याची कल्पना मात्र कोणी केली नव्हती.

न झालेला निरोप

करोनाच्या भीतीने राज्यातील शहरी भागातील शाळा १६ मार्च २०२० पासून बंद झाल्या. आदेश प्रथम ३१ मार्चपर्यंतचा होता. त्यामुळे शेवटच्या दिवशी कोणी कोणाचा निरोप घेतला नाही. बाकाच्या खणात वह्या राहिल्या, फळ्यावर तारीख राहिली. नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा १५ एप्रिलनंतर घेण्याचे आधी ठरले होते. १२ एप्रिल रोजी ती रद्द झाल्याचे जाहीर झाले. त्याच दिवशी दहावीचा राहिलेला भूगोलाचा पेपरही रद्द करण्यात आला. नववीचा निकाल प्रथम सत्र परीक्षा आणि अंतर्गत मूल्यमापन यांच्या आधारे लावण्यात आला.

पुढचे वर्ष घरात गेले. 'दीक्षा' अॅप, व्हॉट्सअॅपवर येणारे गृहपाठ आणि गुगल मीट किंवा झूमवरचे तास यांवर दहावी चालली. नववी ते बारावीसाठी दिवसाला ४५ मिनिटांची चार सत्रे, अशी मर्यादा शासनाने घातली. जुलै २०२० मध्ये अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी करण्यात आला. कागदावर ही व्यवस्था सुटसुटीत होती. प्रत्यक्षात घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्तीत, मालाड-मालवणीच्या दहा बाय बाराच्या खोलीत किंवा आरेतील पाड्यावर ती घरातील मोबाइलच्या संख्येवर अवलंबून होती. एकच मोबाइल आणि तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला असेल, तर तास ऐकायला कुठून मिळणार? भावंडे दोन आणि वर्ग एकाच वेळी असले, तर दहावीच्या मुलाला पहिला मान मिळे, लहानाची शाळा बुडे. उपनगरांतील सोसायटीतील मुलगा आणि चाळीतील मुलगी एरवी एका बाकावर बसत होती. वर्ग घरी गेला आणि त्यांच्यातील अंतर उघडे पडले.

राज्यात शाळा उघडल्या, मुंबईत नाहीत

इथपर्यंतची कथा साऱ्या राज्याची आहे. पुढची मात्र मुंबईची. राज्य शासनाने २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास परवानगी दिली. पण स्थानिक परिस्थिती पाहून अंतिम निर्णय घेण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनाकडे ठेवला. मुंबई महापालिकेने आपल्या हद्दीतील शाळा प्रथम ३१ डिसेंबरपर्यंत, नंतर १५ जानेवारी २०२१ पर्यंत आणि त्यापुढे नव्या आदेशापर्यंत बंदच ठेवल्या. राज्याच्या अनेक भागांत दहावीची मुले त्या हिवाळ्यात मुखपट्ट्या लावून, एका बाकावर एक अशी का होईना, वर्गात बसली. मुंबईतील मुले बसली नाहीत.

यामागे कारणे होती. उपनगरांतील शाळांचे अनेक शिक्षक वसई-विरार, कल्याण-डोंबिवली, बदलापूर या भागांतून लोकलने येतात. लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होती; १ फेब्रुवारी २०२१ ला ती ठरावीक वेळांत खुली झाली आणि दुसऱ्या लाटेत एप्रिलमध्ये पुन्हा अत्यावश्यक सेवेपुरती मर्यादित झाली. शिक्षकांना करोनाच्या कामांवर नेमण्यात आले होते. गोरेगावचे नेस्को, दहिसर आणि मुलुंड येथे मोठी करोना उपचार केंद्रे उभी होती. एप्रिल २०२१ च्या पहिल्या आठवड्यात मुंबईत एका दिवसात ११ हजारांपेक्षा अधिक रुग्ण सापडले. दाट वस्तीच्या शहरात घरी वृद्ध आजी-आजोबा असताना मुलांना शाळेत पाठविण्यास पालकही धजावत नव्हते. महापालिकेचा निर्णय म्हणूनच त्या वेळी फारसा कोणाला खटकला नाही. त्याची किंमत मात्र एका तुकडीने संपूर्ण वर्ष देऊन चुकविली.

शालान्त परीक्षा २९ एप्रिलपासून घेण्याचे जाहीर झाले होते. १२ एप्रिलला ती पुढे ढकलण्यात आली. केंद्रीय मंडळाने १४ एप्रिलला आपली दहावीची परीक्षा रद्द केली आणि २० एप्रिलला राज्य मंडळाचीही परीक्षा रद्द झाली. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. परीक्षाच घेतली नाही तर मुलांचे मूल्यमापन कशावर करणार, अशी कठोर विचारणा मे महिन्यात न्यायालयाने केली.

गुण कसे ठरले?

'फुकटचे गुण' या शेऱ्याचा खरेखोटेपणा येथे तपासता येतो. २८ मे २०२१ रोजी शासनाने मूल्यमापनाचे सूत्र जाहीर केले. प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ३० गुण दहावीच्या वर्षभरातील अंतर्गत लेखी मूल्यमापनाला, २० गुण दहावीच्या गृहपाठ, तोंडी परीक्षा व प्रात्यक्षिकांना आणि उरलेले ५० गुण नववीच्या अंतिम निकालाला देण्यात आले. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची निकाल समिती नेमण्यात आली.

नववीला निम्मे वजन देण्याचे कारण उघड होते. वर्गात बसवून, प्रश्नपत्रिका हाती देऊन घेतलेली परीक्षा म्हणावी, अशी तेवढीच उपलब्ध होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा निकाल वर्षभरापूर्वीच लागलेला असल्याने त्यात फेरफार करण्यास वाव नव्हता. पण नववीच्या दुसऱ्या सत्राची परीक्षा झालीच नव्हती. म्हणजे २०१९ च्या दिवाळीच्या सुमारास, 'ही तर घटक चाचणीची मोठी बहीण' अशा वृत्तीने दिलेल्या प्रथम सत्र परीक्षेचे गुण मुलांच्या नकळत शालान्त प्रमाणपत्रापर्यंत पोहोचले. दहावीत जोर लावू, असे ठरवून नववीत निवांत राहणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. या तुकडीतील अशा मुलांचा हिशेब चुकला. त्या एका परीक्षेच्या काळात आजारी असलेल्या किंवा घरी अडचण असलेल्या मुलालाही ते गुण सुधारण्याची संधी मिळाली नाही. परीक्षा न देता उत्तीर्ण होणे हा जसा लाभ होता, तसाच तो तोटाही होता. कोणाला काय मिळाले, हे ज्याच्या त्याच्या नववीवर ठरले.

निकाल १६ जुलै २०२१ रोजी लागला. राज्याची टक्केवारी ९९.९५ होती. मंडळाची संकेतस्थळे त्या दिवशी तासन्‌तास कोलमडलेली होती. पेढ्यांचे बॉक्स आले, पण ते वाटायला शाळेत गर्दी झाली नाही. शंभर टक्क्यांच्या इतका जवळ गेलेला निकाल पाहून समाजाने एकच अर्थ काढला, सारेच पास. त्यात ज्यांनी खरोखर वर्षभर घरी बसून अभ्यास केला होता, त्यांची मेहनतही विरघळून गेली.

अकरावीच्या दारात

सारेच पुढे गेल्यावर नामांकित महाविद्यालयांतील जागा कोणाला द्यायच्या, हा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी शासनाने ऐच्छिक सामाईक प्रवेश परीक्षा ठरविली. इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांचे प्रत्येकी २५ असे १०० गुण, दोन तासांचा वेळ आणि २१ ऑगस्ट ही तारीख. मुलांनी पुन्हा पुस्तके उघडली. मात्र १० ऑगस्ट रोजी उच्च न्यायालयाने ही परीक्षाच रद्द ठरविली. इतर मंडळांच्या मुलांना राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावरील परीक्षा द्यावी लागणे अन्यायाचे आहे, हा आक्षेप होता आणि अंतर्गत गुणांवरच प्रवेश देण्याचा आदेश झाला. अशा रीतीने अवघ्या चार महिन्यांत या तुकडीच्या दोन परीक्षा रद्द झाल्या.

मुंबईतील आठवी ते बारावीचे वर्ग अखेर ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले. शाळा उघडल्या तेव्हा ही मुले शाळेची राहिली नव्हती. ज्या इमारतीत आठवी-नववी काढली, तिथे ती गेली ती गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घेण्यापुरती. कनिष्ठ महाविद्यालयातही स्थैर्य लगेच आले नाही. ओमायक्रॉनमुळे जानेवारी २०२२ मध्ये महापालिकेने दहावी-बारावी वगळून शाळा पुन्हा बंद केल्या. त्यात अकरावीचाही समावेश होता. २४ जानेवारीला वर्ग पुन्हा भरले. याच महिन्यात, ३ जानेवारीपासून, १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले. लशीच्या रांगेत दोन वर्षांनी भेटलेल्या वर्गमित्रांना मुखपट्टीमुळे एकमेकांची ओळख चटकन पटू नये, हे त्या काळाला साजेसेच होते.

मंडळाची पहिली परीक्षा या तुकडीने दिली ती थेट बारावीची, फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये. संपूर्ण अभ्यासक्रम आणि नेहमीप्रमाणे परके परीक्षा केंद्र. सलग तीन तास लिहिण्याची जी सवय दहावीत लागते, ती त्यांना बारावीत लावून घ्यावी लागली. राज्याचा निकाल ९१.२५ टक्के लागला आणि मुंबई विभाग ८८.१३ टक्क्यांसह नऊ विभागांत शेवटी राहिला. मुंबई विभाग बारावीला तळाशी असण्यामागे इतरही कारणे असतात. त्यामुळे साऱ्याचे खापर न झालेल्या दहावीवर फोडणे योग्य नव्हे. तरीही दहापैकी जवळपास नऊ मुले या परीक्षेत उत्तीर्ण झाली, ही बाब 'फुकट पास' म्हणणाऱ्यांनी विचारात घ्यायला हवी.

तीन तुकड्या, तीन तऱ्हा

करोनाने दहावीच्या तीन तुकड्यांना स्पर्श केला. पण प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. २०२० च्या तुकडीचा केवळ भूगोलाचा पेपर राहिला आणि तिचा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२२ च्या तुकडीची नववी संपूर्णपणे घरी गेली. पण ऑक्टोबर २०२१ पासून तिला दहावीचा वर्ग मिळाला. ७५ टक्के अभ्यासक्रम, मोठ्या पेपरांना अर्धा तास जादा आणि आपलीच शाळा हे केंद्र, अशा सवलतींत तिने परीक्षा दिली आणि ९६.९४ टक्के निकाल लावला. मधल्या तुकडीला ना वर्ग मिळाला, ना परीक्षा.

शालान्त परीक्षेच्या इतिहासात याआधीही काही तुकड्यांच्या वाट्याला वेगळे वर्ष आले आहे. १९७५ मध्ये अकरावीची जुनी शालान्त परीक्षा देणारी शेवटची तुकडी आणि नव्या आकृतिबंधातील दहावीची पहिली तुकडी एकाच वर्षी बाहेर पडली. ती मुले आज निवृत्त झाली आहेत आणि आपण 'जुन्या अकरावीचे' की 'नव्या दहावीचे' हे अजूनही आवर्जून सांगतात. तुकडीची ओळख अशी आयुष्यभर टिकते. फरक इतकाच, की १९७५ च्या मुलांकडे सांगण्यासारखे शाळेचे शेवटचे वर्ष होते.

उपनगरांत शाळेची आठवण ही केवळ वैयक्तिक गोष्ट नसते. गिरगाव-दादरहून सरकत आलेल्या मराठी कुटुंबांनी पार्ले, गोरेगाव, बोरिवली, मुलुंड येथे वस्ती केली, ती शाळांच्या आधारावर. १९२१ मध्ये सुरू झालेले विलेपार्ले येथील पार्ले टिळक विद्यालय हे त्याचे ठळक उदाहरण. पु. ल. देशपांडे यांच्यासारखे विद्यार्थी घडविणाऱ्या या शाळेला शंभर वर्षे पूर्ण झाली, ती नेमकी २०२१ मध्ये. मुंबईतील सारे वर्ग तेव्हा बंद होते. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे, सुवर्णमहोत्सवी तुकड्यांचे सत्कार, शाळेला दिलेल्या देणग्या हे सारे शाळेच्या शेवटच्या दिवसांत जुळलेल्या धाग्यांवर चालते. हा धागा ज्या तुकडीत जुळलाच नाही, तिला शाळेशी बांधून ठेवणार कसे, हा प्रश्न शाळांपुढेही आहे. मराठी माध्यमाच्या अनेक शाळांची पटसंख्या घटत असताना तो अधिकच गंभीर आहे.

गुणांचा परिणाम तर दीर्घकाळ राहणारा आहे. टपाल खात्यातील ग्रामीण डाकसेवकांची निवड दहावीच्या गुणांवर होते. तंत्रनिकेतन आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे प्रवेशही दहावीवर होतात. जिथे वेगवेगळ्या वर्षांच्या उमेदवारांची एकच गुणवत्ता यादी लागते, तिथे २०२१ ची गुणपत्रिका २०१९ च्या गुणपत्रिकेशेजारी ठेवली जाते. ७७.१० टक्के निकालाच्या वर्षी मिळालेले ८० टक्के आणि ९९.९५ टक्के निकालाच्या वर्षी मिळालेले ८० टक्के यांत फरक आहे, हे सारे जाणतात. तो मोजण्याचे माप मात्र कोणी दिलेले नाही. त्यामुळे एका तुकडीकडे संशयाने आणि दुसरीकडे सहानुभूतीने पाहिले जाते. यात दोन्हींकडील मुलांचा दोष काहीच नाही.

या तुकडीची मुले आज शाळेच्या दिवसांबद्दल बोलतात, तेव्हा ती आठवी-नववीतच रमतात. तिथेच त्यांचा शेवटचा बाक होता, शेवटची मधली सुट्टी होती आणि शेवटची समोरासमोर दिलेली परीक्षाही. गेलेले वर्ष परत आणता येणार नाही; पण राहिलेला निरोप समारंभ शाळांना अजूनही करता येईल. शाळेच्या सभागृहात एक दुपार, त्या वर्षीचे शिक्षक आणि हजेरीपटावरील नावे क्रमाने पुकारणे, इतकेच त्याला लागेल. त्या वर्षी शिकविणारे अनेक शिक्षक निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. हे करायचे तर लवकरच करायला हवे.